बगळ्यांचा मार्च महिना

बुधवार, १४ जानेवारी
रक्तदाब सकाळी १५८/९४, सामन्यानंतर १७१/९८

ही वही डॉ. ओकाफोरनं दिली. रोज रक्तदाब मोजून लिहायचा आणि खाली दिवसभरात काय केलं ते लिहायचं, म्हणजे तो कशानं चढतो ते कळेल म्हणे. कशानं चढतो ते मला वहीशिवायही ठाऊक आहे. मार्लो कॉलेजच्या बास्केटबॉलनं चढतो. तिला तसं सांगितलं तर म्हणाली, "मग काही दिवस सामने बंद करा." मुलगी गुणी आहे, पण बास्केटबॉलवेड्या इंडियानात येऊन तिला दोनच वर्षं झाली आहेत.

आज जिंकलो. सतरा सामन्यांत चौदा विजय. आमच्या पाइक्स बेंड गावात असा जानेवारी मी अडुसष्ट वर्षांत पाहिलेला नाही. आपल्या संघाची, म्हणजे बगळ्यांची, पहिली बास्केट पडेपर्यंत सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवायच्या, ही मार्लोची रीत. आज पोरांनी पहिले सहा नेम चुकवले आणि माझे गुडघे रडकुंडीला आले. पण बसले नाही. शेजारी माझी मुलगी कॅरीन उभी होती आणि पलीकडच्या खुर्चीवर चढून ओडेट. ती खुर्ची पूर्वी माझ्या नवऱ्याची, रॉयची होती, आता नातीची आहे.

माझं मागणं फार नाही. मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेत अडुसष्ट संघ जातात. मार्लो तिथे एकदाच गेलं, चोवीस वर्षांपूर्वी, आणि पहिल्याच सामन्यात एकतीस गुणांनी मार खाऊन परत आलं. पुन्हा एकदा नुसतं आत जाऊ दे. हरले तरी चालेल.

सोमवार, १९ जानेवारी
१५५/९२

आज लुपोच्या पिझ्झाच्या दुकानात मार्लोच्या कोच रिटरचा रेडिओवरचा कार्यक्रम. दर सोमवारी असतो. कोच एका टेबलाशी बसतात, माईक फिरतो, ज्याला विचारायचं त्यानं विचारावं. मला नको नको म्हणताना माईक हातात आला. (कॅरीनचं म्हणणं, मी तो लहान मुलाच्या हातून ओढून घेतला.)

"कोच, मी व्हर्ना हॉलक्विस्ट. सहावा विभाग, चौथी रांग."

"ओळखतो, व्हर्ना. सगळं गाव ओळखतं."

"तुमची पोरं माणसामागे माणूस लावायचं सोडून आपापला कोपरा राखत उभी असतात, त्या झोनबद्दल विचारायचंय. उजवा कोपरा कायम मोकळा. शनिवारी समोरच्यांनी तिथून सात बास्केट टाकल्या. हे कुणाच्या डोक्यातून निघालंय?"

"तुमच्या जावयाच्या."

"म्हणूनच इथे विचारते. घरी विचारलं तर तो जेवत बसतो."

दुकान हसून हसून लोटपोट झालं. क्विंटन मेबरी, माझा जावई आणि रिटरचा सहाय्यक, तिथेच कोचच्या शेजारी बसला होता, सगळ्यांत जास्त तोच हसला. जावई असला म्हणून काय झालं, मोकळा कोपरा तो मोकळा कोपरा. शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणतीस वर्षं मी अडीचशे पोरांना ओरडून रांगेत लावलंय, मला गप्प बसता येत नाही. कॅरीन तेवढी ग्लासात बघत होती. तिला चारचौघांत आपल्याकडे कुणी बघितलेलं आवडत नाही. बापावर गेली आहे.

रविवार, १ फेब्रुवारी
१६२/९६

काल हरलो, तेही घरच्या मैदानावर, शेवटून दुसऱ्या असलेल्या संघाशी. मागच्या रांगेतला बड टेरह्यून घसा फुटेस्तोवर ओरडला, "मेबरी, गाशा गुंडाळ तुझा." ओडेटनं मागे वळून त्याला सांगितलं, "ते माझे बाबा आहेत." बड बिचारा एवढासा झाला. त्यानं आपले सगळे पॉपकॉर्न तिला देऊन टाकले.

आज सगळे जेवायला इकडे होते. चिकन-नूडल्स केल्या, कुस्करलेल्या बटाट्यांवर वाढल्या, मागून गोड म्हणून साखर-साय भरून भाजलेली पाई. क्विंटन म्हणाला, "आई, काल तुम्ही काय ओरडलात ते मला बेंचवर ऐकू आलं."

"मग तसं केलं का नाहीस?"

"केलं की. त्यावर त्यांचे आणखी चार गुण झाले."

असा आहे तो. नऊ वर्षांपूर्वी कॅरीननं त्याला घरी आणला तेव्हा मी विचारलं होतं, सहाय्यक कोच म्हणजे नक्की काय करतोस. म्हणाला, "हरलो की माझं नाव, जिंकलो की रिटरचं." तेव्हाच मला आवडला होता.

ओडेटनं विचारलं, लोक बाबांवर का ओरडतात. मी म्हटलं, "माया आहे म्हणून. ज्याच्यावर माया नाही त्याच्यासाठी घसा कोण दुखवेल?" कॅरीन म्हणाली, "आई, मीठ दे इकडे."

शनिवार, २१ फेब्रुवारी
१६४/९५

अठ्ठावीसपैकी चोवीस. बेकरीवाल्यानं काचेवर बगळा रंगवला आहे. गळा जरा बदकासारखा झालाय, पण मन चांगलं. चर्चमध्ये पाद्रीबुवांनी प्रार्थनेत आजारी माणसांच्या आधी संघाचं नाव घेतलं आणि कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

आता नुसतं आत जाऊन काय करायचं, निदान एक सामना जिंकावा, असं सगळ्यांचं मत आहे. मी पहिल्यापासून हेच म्हणत होते.

रविवार, ८ मार्च
१८९/१०४ (हे डॉक्टरला दाखवायचं नाही. आठाचा सहा करता येतो का बघते.)

आत गेलो. आमच्या गटाची अंतिम फेरी तीन गुणांनी जिंकलो, आणि गटविजेता राष्ट्रीय स्पर्धेत थेट जातो. मी तिथे होते. शिट्टी वाजल्यावर बडनं मला मिठी मारली. चाळीस वर्षांत त्यानं माझ्याशी साधं हस्तांदोलनही केलं नव्हतं.

मग शिडी लावून बास्केटची जाळी कापली, एकेकानं एकेक धागा. क्विंटन आपला धागा घेऊन पायऱ्या चढत चौथ्या रांगेपर्यंत आला आणि माझ्या हातात ठेवला. "हा तुमचा. झोनला शिव्या घातल्याबद्दल." मी भर गर्दीत रडले आणि वर म्हटलं, "उजवा कोपरा आजही मोकळा होता." तो म्हणाला, "माहितेय, आई."

रविवार, १५ मार्च
१६८/९६

संध्याकाळी सगळं गाव कॉलेजच्या जिममध्ये, मोठ्या पडद्यासमोर. कुणाची गाठ कुणाशी ते आज जाहीर होतं. आम्हाला बारावं मानांकन, समोर पाचवं मानांकन असलेलं ॲशबर्न विद्यापीठ. नाव पडद्यावर आलं तशी कॅरीन ढसाढसा रडायला लागली. लहानपणी नाताळच्या सकाळीसुद्धा ती इतक्या आनंदानं रडली नव्हती.

बडनं एक वाईट बातमी आणली. दक्षिणेतल्या एका मोठ्या विद्यापीठानं आज आपला कोच काढला, आणि वर्तमानपत्रात रिटरचं नाव येतंय.

"शुक्रवारी जिंकलो की रिटर गेला समज," बड म्हणाला. "छोट्या कॉलेजनं कोच घडवायचा आणि मोठ्यानं उचलून न्यायचा. दर मार्चला हेच चालतं."

"म्हणजे हरायचं का आता?"

"मी असं म्हटलं का, व्हर्ना?"

"मग काय म्हणतोस?"

"जिंकायचं. आणि मग त्याला सोडायचं नाही."

मी म्हटलं, ते माझ्याकडे लागलं.

मंगळवार, १७ मार्च
१६०/९४

रिटरनं राहावं म्हणून विनंतीपत्र लिहिलं आणि सह्या घेत फिरले. न्हावी, बेकरी, बँक, दोन्ही चर्च, अग्निशमन दल. दोन दिवसांत चारशे बारा सह्या. पाइक्स बेंडमध्ये नगराध्यक्षालाही एवढी मतं पडत नाहीत.

दुपारी कॅरीनकडे गेले. ती माळ्यावरून हिवाळ्याचे कपडे काढून खोक्यांत भरत होती. किराणा दुकानातून वीसेक रिकामी खोकी आणली होती. चर्चच्या जुन्या-पान्या वस्तूंच्या विक्रीसाठी असणार, दर वसंतात असते. ओडेटच्या लसींचा कागद माझ्याकडे आहे का म्हणून विचारलं. शाळेला लागतोय म्हणे. ओडेट त्याच शाळेत तीन वर्षं जाते आहे, पण हल्लीच्या शाळांचं काही सांगता येत नाही. मागच्या अंगणातला तिचा भाजीचा वाफाही अजून खणलेला नाही. मी म्हटलं, वाटाणे लावायचे दिवस चालले. ती म्हणाली, "बघू."

विनंतीपत्र तिच्यापुढे ठेवलं. तिनं पेन हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं.

"आई, कोच जातो तेव्हा तो एकटा जात नाही."

"तर काय. सगळ्या गावाचा जीव घेऊन जातो."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "सही नंतर करते." संघाच्या काळजीनं तिला झोप नाहीय. डोळ्यांखाली काळं आलंय.

शुक्रवार, २० मार्च
मोजला नाही. मुद्दामच.

जिंकलो. मार्लोच्या इतिहासात पहिल्यांदा. चार गुणांनी, ॲशबर्नसारख्यांना.

सामना लांब मिलवॉकीला, म्हणून मी आणि बड माझ्या दिवाणखान्यात. टीव्ही असला तरी रीत ती रीत, पहिली बास्केट पडेपर्यंत दोघंही सोफ्यासमोर उभे राहून टाळ्या वाजवत होतो. तीन मिनिटं गेली, पडेना. बडची कंबर धरली, तरी उभा. शेवटच्या मिनिटाला मीच उठून बाहेर फाटकापाशी गेले, आणि बडनं खिडकीतून बोटांनी गुण दाखवायचे असं ठरलं. त्यानं दोन्ही हात वर केले आणि तिथेच खाली बसला. मला वाटलं गेला हा. पण नुसता रडत होता.

गावभर गाड्यांचे भोंगे. अग्निशमन दलानं बंब काढून मुख्य रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या. रविवारचा सामना जिंकलो की दुसऱ्या आठवड्यात, शेवटच्या सोळांत. आता एवढं आलोच आहोत तर दुसरा आठवडा हवाच. तेवढंही जमलं नाही तर काय उपयोग.

रविवार, २२ मार्च
१७८/१००

दोन गुणांनी हरलो, जादा वेळेत. आज जिममध्ये सगळ्यांबरोबर बघितला. कोचांची मुलंबाळं, बायका, सगळे तिथेच. शेवटच्या अकरा सेकंदांत चेंडू आपल्याकडे असताना टाइमआउट घेतला नाही. कॅमेऱ्यात क्विंटन रिटरच्या कानाशी काहीतरी बोलताना दिसला, आणि मी उठून ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही. माझ्या पाठोपाठ अर्धं जिम तेच ओरडायला लागलं. ओडेट दोन्ही कानांवर हात ठेवून बसली होती. जिममध्ये फारच आवाज होता.

मंगळवार, २४ मार्च
मोजला नाही.

रिटर गेला. काल दुपारी मी विनंतीपत्र त्याच्या हातात दिलं, त्यानं डोळे पुसले, म्हणाला, फ्रेम करून भिंतीवर लावीन. आज सकाळी दक्षिणेतल्या त्या विद्यापीठाची टोपी घालून टीव्हीवर हसत होता. भिंत कुठली ते मी विचारायला हवं होतं.

उपाहारगृहात दहा वाजेपर्यंत शोक झाला. साडेदहाला पुढच्या वर्षीची चर्चा. आता शेवटच्या सोळांच्या खाली बोलायचं नाही, असं ठरलं. पहिल्या पाचातली चार पोरं यंदा शिकून बाहेर पडतायत, हे कुणी काढलं नाही. मीही काढलं नाही.

दुपारी कॅरीन एकटी आली. कोट न काढता स्वयंपाकघरात बसली.

"आई, रिटर क्विंटनला बरोबर नेतोय. त्यानं फेब्रुवारीतच विचारलं होतं, कुठे गेलो तर येशील का. आम्ही हो म्हटलं होतं."

खोकी, लसींचा कागद, वाफा, सगळं एकदम माझ्यासमोर उभं राहिलं. मी घरोघर फिरून सह्या घेत होते आणि माझी मुलगी तिकडे सामान बांधत होती. आणि शुक्रवारी मी त्या विजयासाठी देवाला हात जोडले होते.

"किती लांब आहे?"

"गाडीनं अकरा तास."

मग ती म्हणाली, "अजून आहे. इथल्या कॉलेजनं आज सकाळी क्विंटनला हेड कोच व्हायला विचारलंय. गुरुवारपर्यंत उत्तर द्यायचंय."

मी खुर्चीवरून उठलेच. म्हटलं, मग झालं की, राहा. ती म्हणाली, "बस आई. ऐक. त्याला राहायचंय. अर्धं मन इथे आहे त्याचं. तू एकदा 'राहा' म्हणालीस तर तो राहील, झोन सोडून बाकी सगळं तो तुझं ऐकतो. म्हणून सांगायला आले. तू म्हणू नकोस."

"का?"

"नऊ वर्षं मी तुझ्या शेजारी बसून ऐकतेय. ते सहाय्यकाला होतं. हेड कोचला काय असेल? पुढच्या वर्षी संघ गटात सातवा येईल, तुलाही माहीत आहे. रविवारी तू उभी राहिलीस तेव्हा ओडेटनं मला विचारलं, आजीला बाबा आवडत नाहीत का."

"माया असते म्हणून..."

"मला माहितेय. सात वर्षांच्या पोरीला ते कसं सांगू?"

ती गेल्यावर ही वही उघडली आणि मागची पानं वाचली. चौदा जानेवारी, हरले तरी चालेल. एकवीस फेब्रुवारी, निदान एक सामना. वीस मार्च, दुसरा आठवडा नाही तर काय उपयोग. बडला, न्हाव्याला, पाद्रीबुवांना मी वेडं म्हणते, आणि हे सगळं माझ्याच अक्षरात आहे. पुढच्या वर्षी गप्प बसेन असं लिहायला घेतलं होतं. खोडून टाकलं. मी गप्प बसणार नाही, मी मला ओळखते.

बुधवार, २५ मार्च
१६६/९६

संध्याकाळी सहाला तिघं जेवायला आले. पुन्हा नूडल्स-बटाटेच केले, क्विंटनला आवडतात म्हणून. ओडेट जेवून अंगणात चेंडू आपटायला गेली. कॅरीननं माझ्याकडे बघितलं नाही.

क्विंटननं काटा खाली ठेवला. "आई, तुम्हाला कळलंच असेल. उद्या सांगायचंय. तुमचं काय म्हणणं?"

"खरं सांगू?"

"तुम्ही कधी खोटं सांगितलंय?"

मी म्हटलं, "तू अजून तयार नाहीस. हेड कोच म्हणजे पोराला बाकावर बसवायचं काळीज लागतं, ते तुझ्याकडे नाही. तू मऊ आहेस. दोन वर्षांत हे गाव तुला फाडून खाईल आणि पहिला घास माझा असेल. रिटरबरोबर जा, अजून शीक. मार्लोला अनुभवी माणूस हवाय."

कॅरीन उठून सिंकपाशी गेली आणि नळ सोडला. सिंकमध्ये एकही भांडं नव्हतं.

"असं वाटतं तुम्हाला?" क्विंटननं विचारलं.

"असंच वाटतं."

"नऊ वर्षं तुम्ही मला शिव्या दिल्यात, त्या नेहमी माझ्या डोळ्यांत बघून. आज ताटात बघून देताय."

"बटाट्यांत मीठ जास्त पडलंय. ते बघत होते."

मग त्यानं ते बटाटे आणखी वाढून घेतले, सगळे संपवले आणि म्हणाला, "बरं, आई. जातो आम्ही." निघताना दारात त्यानं मला जवळ घेतलं आणि सोडेचना. बोलणं लागलं असेल त्याला. पण पटलं, हे महत्त्वाचं.

ओडेट गाडीत बसायच्या आधी पळत परत आली. "आजी, तू तिकडे येशील सामन्याला?"

"येईन की."

"ओरडशील?"

मी म्हटलं, नाही गं, तिथे मला कोण ओळखतं, परक्या गावात कसं ओरडायचं. ती विचारात पडली. "मग बाबांना कसं कळणार तू आलीयस ते?"

मी तिला गाडीत बसवून पट्टा लावला. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी फाटकाशी उभी होते.

आता खरं काय ते लिहिते, कारण दुसरीकडे कुठे बोलायची सोय ठेवलेली नाही. क्विंटन तयार आहे. दोन वर्षांपासून तयार आहे. एखाद्या पोराला बाकावर बसवायचं असेल तर आदल्या दिवशी तो त्याला बरोबर जेवायला नेतो आणि स्वतः सांगतो, आणि ती पोरं त्याच्यासाठी जीव टाकतात. चाळीस वर्षं मी मार्लोसाठी असाच कोच मागत होते. तो आज माझ्या टेबलाशी बसून राहू का म्हणून विचारत होता, आणि मी त्याला जा म्हटलं.